चार नंबरच्या मशीनच्या दारावर

चौदा ऑक्टोबरला, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, लोणपिंप्रीतली माणसं एका संगणकाच्या दारावर बसायला निघाली. पुरुषांनी पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या, बायकांनी डोक्यावरून पदर घेतले होते. गावात वेडाची साथ आलेली नव्हती. हे कौतिकनानांनी पूर्ण विचाराअंती ठरवलं होतं. ज्यांना तो विचार पटला नव्हता तेही टोपी घालून आले, कारण दारावर न जाण्याइतकं वैर लोणपिंप्रीत अजून कोणाचं कोणाशी झालेलं नाही.

खान्देशात कुठे मयत झाली की लोक दारावर बसायला जातात. अंगणात सतरंजी टाकलेली असते. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. येणाऱ्याला कोणी 'या' म्हणत नाही, जाणारा 'येतो' म्हणत नाही. बसायचं, थोडा वेळ जमिनीकडे बघायचं. मग एखादं वडीलधारं माणूस विचारतं, "कसं झालं?" आणि घरचं माणूस पहिल्यापासून सांगतं. नवी माणसं आली की पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आज घरचं माणूस म्हणून संगणक केंद्र चालवणारी दिपमाला बसली होती. तिच्या पाठीमागे, उंबऱ्याच्या आत, टेबलावर चार नंबरचं मशीन होतं. त्याच्यापुढे दिवा तरी लावू नका, एवढी विनवणी तिने नानांना केली होती. नानांनी ती ऐकली. विजेच्या वस्तूपुढे उघडी वात नको, सुरक्षेचं बोलणं चाललंय तर सुरुवात तिथूनच व्हावी, असं ते गंभीरपणे म्हणाले.

ही जागा म्हणजे नानांची केळीची जुनी वखार. पूर्वी इथे कच्चे घड रचून केळी पिकवत. तो धंदा मोठ्या थंड खोल्यांकडे गेला, वखार रिकामी पडली, आणि चार वर्षांपूर्वी भुसावळच्या एका कार्यालयाने टाकून दिलेले आठ संगणक तिथे येऊन बसले. दिपमालाने पाटी लावली, 'उघडं दार डिजिटल केंद्र'. ज्याला यायचं त्याने यावं, वयाची अट नाही, शिक्षणाची नाही, पायातल्या चिखलाचीही नाही. भिंतींना अजून पिकल्या केळ्यांचा वास येई. उन्हाळ्यात मशीन तापलं की तो वाढे, आणि नव्याने शिकायला येणाऱ्यांना बरेच दिवस वाटायचं की संगणकाचा वास असाच असतो.

चार नंबरचं मशीन भिकुबाईंचं. म्हणजे तसं ते कोणाचंच नव्हतं, पण अडीच वर्षं त्या रोज दुपारी तीनला तिथे बसत आणि दुसऱ्या कोणाला ती खुर्ची आपली वाटत नसे. वय एकसष्ट, केंद्रातल्या सगळ्यांच्या अक्का. अक्षरओळख इथेच झाली, तीही एकेका अक्षराची. पडद्यावरचे शब्द त्या वाचत नसत, जागा वाचत. डावीकडून दुसऱ्या रांगेतलं तिसरं चित्र म्हणजे लिहायचं पान. वरच्या कोपऱ्यातली निळी खूण म्हणजे ठेवून देणं. ठेवून देण्याचं बटण त्या तीनदा दाबत, कुलूप ओढून पाहावं तसं.

त्या पानावर भिकुबाई गावातल्या बायकांची माहेरची नावं लिहीत.

सून घरात आली की तिचं नाव बदलतात. तांदळात नवं नाव काढतात, जुनं माहेरी राहतं, आणि माहेरची माणसं गेली की ते कोणाकडेच राहत नाही. भिकुबाईंचं स्वतःचं बदललेलं नव्हतं. भिकू या नावात आणखी काय बिघडवणार, असं सासऱ्यांना वाटलं असावं. पण त्या घरोघर जात, विचारत, आणि दिवसाला एक नाव लिहीत. सुमनबाई म्हणजे मुळातली कोकिळा. लताबाई म्हणजे द्वारका. वरच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईला दोन दिवस स्वतःचं नाव आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती काठी टेकत वखारीपर्यंत आली, हळूच "येसू" म्हणाली आणि आल्या पावली घरी गेली. अशी दोनशे बारा नावं झाली होती.

मे महिन्यात ती सगळी गेली.

नेमकी कशी गेली हे एकट्या दिपमालाला ठाऊक होतं. तिच्या दिराचं लग्न झालं, फोटोवाल्याने पेनड्राइव्ह दिला. लोणपिंप्रीत लग्नाचा पेनड्राइव्ह देवाच्या प्रसादासारखा घरोघर फिरतो आणि प्रसादासारखाच तो नाकारायचा नसतो. वखारीच्या भिंतीवर 'बाहेरचा पेनड्राइव्ह लावू नये' अशी सूचना होती. खाली दिपमालाचीच सही होती. एका दुपारी केंद्रात कोणी नव्हतं. वरातीत आपण नाचताना कशा दिसलो एवढंच पाहावं म्हणून तिने तो लावला. चार नंबरलाच, कारण त्याचा पडदा दारातून दिसत नाही. ती चांगली दिसत होती. चार मिनिटं पाहून तिने खिडकी बंद केली, तर पडद्यावरच्या सगळ्या फायलींच्या जागी बाण असलेली छोटी छोटी चित्रं आली होती, आणि त्यातलं काहीच उघडत नव्हतं.

तिने तेजसला फोन करायला हवा होता. तेजस तिच्या नणंदेचा मुलगा, जळगावला संगणकाचं शिकलेला, रविवारी येऊन केंद्रातली मशीन नीट करणारा. पण फोन केला तर भिंतीवरची सही आड आली असती. तिने मशीन स्कूटीवर पायाशी ठेवलं आणि चोपड्याला एका दुकानात नेलं. दुकानदाराने विचारलं, "यात काही महत्त्वाचं आहे का?"

ती म्हणाली, "नाही. पुसा."

त्याच आठवड्यात भिकुबाईंच्या नातीचं, डिंपलचं, लग्न झालं होतं. पेनड्राइव्हमधल्या बाणांच्या व्हायरसने फायली गेल्या, एवढंच चोपड्याच्या दुकानातून गावात पोचलं. गावाने आपापसात हिशोब जुळवला. म्हातारी, लग्न, पेनड्राइव्ह, चार नंबर. कोणी भिकुबाईंना विचारलं नाही, त्यामुळे त्यांना नाकारायचीही संधी मिळाली नाही. दिपमालाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मशीन बिघडलं होतं, दुकानात नेलं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. भिकुबाई त्यानंतरही रोज तीनला येत, चार नंबरपुढे बसत, आणि हात मांडीवर ठेवत.

त्यात जूनमध्ये बातमी पसरली की ऑक्टोबरच्या चौदा तारखेपासून या मशीनांच्या जुन्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट येणं बंद होणार, आणि नवीन विंडोज यांना झेपणार नाही. तिथून गावात वाद पेटला. लोणपिंप्रीत याआधी इतका वाद फक्त पाण्याच्या टाकीच्या रंगावरून झाला होता.

तेजसचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, वेगळा पासवर्ड. "अपडेट बंद झाल्यावर ही मशीन वापरणं म्हणजे वखारीला कडी न लावता तीर्थाला जाणं. इथे लोक आधार उघडतात, बँक उघडतात."

त्याच्या विरोधात चुडामण भाऊसाहेब. धुळ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं कारकून होते. एकतीस वर्षांत त्यांच्या कपाटातून एकही वस्तू हरवली नाही, कारण त्यांनी कोणाला कधी काही दिलंच नाही. ते म्हणाले, "अपडेटची मुदत वर्षभर वाढवून मिळते. मी वाचलंय."

"ते सलाइन आहे, भाऊसाहेब. वर्षाने काय?"

"वर्षाने बघू. तुझं ते लिनक्स फुकट आहे म्हणतोस. मग त्याचा मालक कोण?"

"सगळे."

"म्हणजे कोणी नाही. बिघडलं तर मी पत्र कोणाच्या नावाने लिहू?"

व्हॉट्सॲपवरच्या 'उघडं दार' गटाचे दोन गट झाले. एक 'उघडं दार (सुरक्षित)', दुसरा 'उघडं दार (खरं)'. दिपमाला दोन्हीत होती आणि दोन्हीकडे नुसते जोडलेले हात टाकत होती. तिला बाजू घेता येत नव्हती, कारण दोन्ही बाजू पहिलं उदाहरण मे महिन्यातल्या पेनड्राइव्हचं देत. सप्टेंबरअखेर तेजस आणि भाऊसाहेब यांचं एका ठरावावर एकमत झालं. चार महिन्यांतलं हे पहिलंच. पंचावन्नच्या वरच्यांना यापुढे फक्त 'पाहुणा' लॉगिन द्यायचं. पाहायचं, पण लिहायचं नाही, ठेवायचं नाही. त्या वयाचं केंद्रात नेमाने येणारं माणूस एकच होतं. ठरावात नाव घालण्याची गरज पडली नाही. ठरावावर दिपमालाची सही हवी होती, आणि ती चौदा तारखेला करायची होती.

वय भाऊसाहेबांचंही साठीपलीकडे होतं आणि नानांचं त्र्याहत्तर, पण ते दोघे लॉगिन करत नसत. नानांनी दोन्ही गट वाचून घेतले, फोन बाजूला ठेवला आणि म्हणाले, "दारावर बसू या."

भाऊसाहेबांना हे अशुभ वाटलं. "माणूस गेलेलं नसताना दारावर कसं बसायचं, नाना?"

"दसऱ्याला मशीनला हळदकुंकू वाहिलं का नाही?"

"वाहिलं."

"झेंडूची माळ घातली. तुम्हीच घातली. बारा दिवस नाही झाले. जिवंत असताना पूजा घ्यायची आणि गेल्यावर कोणी बसायला यायचं नाही, हे कुठलं वागणं?"

भाऊसाहेबांनी टोपी धुवायला टाकली. नानांच्या मनात दुसरंच होतं, ते त्यांनी फक्त दिपमालाला सांगितलं. गावात आवाज चढवता येत नाही अशी एकच जागा उरलीय. दारावर हात वर करून बोलता येत नाही, उठून जाता येत नाही, आणि कोणी जिंकत नाही. "वखारीचं दार चार दिवस उघडायचं नसतं, हे खरं. उघडलं तर अर्धा माल कच्चा. पण माल आत घेताना उघडावंच लागतं ना, पोरी? दोघं बरोबर आहेत. बसले पाहिजेत, एवढंच."

म्हणून ही सतरंजी.

पहिल्या खेपेला नाना आणि वरच्या गल्लीतले सात-आठ जण येऊन बसले. बायकांकडून लताबाई आल्या. लताबाई म्हणजे गावातली पहिली रडणारी. कोणाकडेही मयत असो, त्या गल्लीच्या कोपऱ्यापासून सूर लावत येतात आणि त्या आल्यावरच घरच्यांना आपलं दुःख नीट समजतं. आजही त्यांनी सवयीने कोपऱ्यापासून सूर लावला, दहा पावलं आल्या आणि थांबल्या. मग पदर सावरून दिपमालाला हळूच विचारलं, "काय नाव घेऊन रडायचं?"

"काही नको, लताकाकू. नुसतं बसा."

लताबाई बसल्या. न रडता दारावर बसण्याची त्यांची पहिलीच वेळ होती. हात कुठे ठेवावे ते त्यांना समजेना.

बराच वेळ सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मग नानांनी विचारलं, "कसं झालं?"

"वय झालं होतं," दिपमाला म्हणाली. "वरून अपडेट यायचे बंद झाले."

माणसांनी माना हलवल्या. वय झालं होतं म्हटलं की दारावर कोणी पुढे विचारत नाही. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. बायकांच्या रांगेत, शेवटी, भिकुबाई बसल्या होत्या. मांडीवर हात.

दुसऱ्या खेपेला भाऊसाहेब आले, बरोबर 'उघडं दार (खरं)'ची माणसं. तेजस जळगावहून सकाळच्या गाडीने आला होता. त्याला टोपी नव्हती, म्हणून नानांनी आपला रुमाल त्याच्या डोक्याला बांधला. दोघे शेजारी शेजारी बसले, कारण जागा तेवढीच होती.

भाऊसाहेबांनी विचारलं, "कसं झालं?"

"मे महिन्यापासून आजारी होतं," दिपमाला म्हणाली. या वेळी गोष्ट आपोआप थोडी मागून सुरू झाली. "पेनड्राइव्ह लागला. त्यातून काहीतरी आत गेलं. मग तसं ते सावरलंच नाही."

कोणी पेनड्राइव्ह कोणाचा हे विचारलं नाही. सगळ्यांनी भिकुबाईंकडे न पाहण्याची एकाच वेळी काळजी घेतली. पंचवीस माणसांनी एका बाईकडे बघायचं टाळलं की ते सगळ्या गल्लीला दिसतं. भिकुबाईंनी पदर पुढे ओढला.

मग वाद सुरू झाला, पण दारावरच्या आवाजात.

तेजस मान खाली घालून म्हणाला, "भाऊसाहेब, नुसत्या अँटिव्हायरसने भागत नाही."

"भागतं, बाळा," भाऊसाहेबही खालीच बघत होते. "वरच्याच्या मनात असेल तर भागतं."

"पासवर्ड नसला की कोण बसलं होतं तेच कळत नाही."

"आणि पासवर्ड असला की ज्याला आठवत नाही तो बाहेरच बसतो. माझाच मला आठवत नाही."

"मग तुम्ही विरोध का करता ते आता कळलं," तेजस म्हणाला. चिडून नाही, सांत्वन केल्यासारखं. चार महिन्यांत एकमेकांचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं होतं.

मग तेजस आपल्याशीच बोलावं तसा म्हणाला, "मला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. त्या व्हायरसने फायली मरत नाहीत. तो फक्त लपवतो. बाण दिसतात ना, ते खोटे. खऱ्या फायली मागेच असतात. त्या दिवशी मला कोणी बोलावलं असतं तर दहा मिनिटांत अक्कांची सगळी नावं परत आली असती. दुकानवाल्याने न विचारता पुसलं, तिथे ती गेली."

दिपमालाने हे आज पहिल्यांदा ऐकलं.

आजवर ती स्वतःला समजावत आली होती की नावं व्हायरसने खाल्ली, आपण फक्त उष्टं उचललं. आता कळलं, की ज्या दुपारी तिने मशीन स्कूटीवर ठेवलं तेव्हा दोनशे बारा बायका त्यात जिवंत होत्या. चोपड्यापर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांतून त्या तिच्या पायाशी बसून गेल्या. कोकिळा, द्वारका, येसू. आणि दुकानदाराने विचारलं होतं. त्याने नीट विचारलं होतं.

तेवढ्यात तिसरी खेप आली. पुढे झुलालआबा, शेतातून परस्पर आलेले, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यांना या वादातलं काही माहीत नव्हतं. कोणाच्या तरी दारावर बसायचंय एवढं कानावर आलं आणि ते आले. बसले, जमिनीकडे पाहिलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "कसं काय व्हयनं, माय?"

दिपमालाने पहिल्यापासून सांगितलं.

"आमच्या दिराच्या लग्नाचा पेनड्राइव्ह होता, आबा. डिंपलच्या लग्नाचा नव्हता. मी लावला. मी वरातीत कशी नाचले ते बघायचं होतं. चार नंबरला लावला, कारण तो कोणाला दिसत नाही. फायली दिसेनाशा झाल्या. मी कोणाला सांगितलं नाही, भिंतीवर माझी सही होती ना. मशीन चोपड्याला नेलं. तो माणूस म्हणाला, यात काही महत्त्वाचं आहे का. मी म्हणाले, नाही. मी म्हणाले, पुसा. यात अक्कांनी लिहिलेली दोनशे बारा नावं होती, हे मला माहीत होतं. मग तुम्ही सगळे अक्कांचं नाव घ्यायला लागलात, आणि मी घेऊ दिलं."

दुसरीकडे कुठे हे बोलली असती तर कोणी उठलं असतं, कोणी केंद्राची किल्ली मागितली असती, कोणी तिच्या सासरच्यांचं नाव काढलं असतं. दारावर तसं करता येत नाही. घरचं माणूस सांगतं, बाकीच्यांनी ऐकायचं असतं. तेजस डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधू लागला. भाऊसाहेब सतरंजीतला एक धागा बघत बसले.

रडल्या त्या लताबाई. सूर न लावता, नाव न घेता, तोंडात पदर धरून. त्यांचं द्वारका हे नाव चाळीस वर्षांनी एका जागी लिहिलं गेलं होतं, आणि ते कुठे गेलं हे त्यांना आज कळलं होतं.

"माले माहीत व्हतं," भिकुबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी आता उघड त्यांच्याकडे पाहिलं.

"कसं, अक्का?" दिपमालाने विचारलं.

"मशीन मरस, त्यानं काय. तू मन्हाकडे देखनं बंद करं, तव्हय समजनं."

"मग बोलला का नाही?"

भिकुबाईंनी थोडा विचार केला. "माले काढतीन तं एक खुर्ची खाली व्हई. तुले काढतीन तं गावन्या बठ्ठ्या बाया घर बसतीन." मग पदर मागे सारून, "पन नावं मन्ही व्हती. ते तू इचारं नही. ते लागनं माले."

दिपमाला उठली, बायकांच्या रांगेत गेली आणि भिकुबाईंच्या पायाशी बसली. भिकुबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, दूरही केलं नाही.

नानांनी घसा खाकरला. "दहाव्याचं काय ठरवायचं?"

कोणाकडे मयत झाली की पुढचं काम कोणी काय करायचं ते याच प्रश्नावर ठरतं, म्हणून उत्तरं आपोआप निघाली. तेजस म्हणाला, पाहुणा लॉगिनचा ठराव मी मागे घेतो; नवी सिस्टिम टाकतो, पण चित्रं सगळी जुन्या जागी बसवतो, डावीकडून दुसरी रांग, तिसरं चित्र. अक्का डोळे मिटून हात नेतील तिथे पान सापडलं पाहिजे. सापडलं नाही तर चूक माझी, त्यांची नाही. भाऊसाहेब म्हणाले, मग पेनड्राइव्ह पायताणाबरोबर दाराबाहेर ठेवायचे, आणि तिथे वही घेऊन मी बसतो. वही मिळणार हे दिसताच त्यांचा लिनक्सला असलेला विरोध मावळला. दिपमालाने काय करायचं ते कोणी बोललं नाही. ते भिकुबाईंनी सांगितलं.

"रोज दुपारले मन्हासंगे फिरशी. दोनशे बारा घर."

"हो."

"काही बाया आते जित्या नही शेत. त्यासना पोरींना घर जानं पडी."

"हो, अक्का."

तेजस लगेच कामाला लागला. नवी सिस्टिम ज्यातून टाकायची होती तो पेनड्राइव्ह त्याच्या खिशातच होता, त्यामुळे नियम होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर तो मोडायची वेळ आली. भाऊसाहेबांनी दारात त्याला अडवलं, वहीचं पहिलं पान उघडलं आणि लिहिलं, 'पेनड्राइव्ह एक, काळा. तेजस. आत नेला. कारण, पुनर्जन्म.' मग त्याची सही घेतली.

दोन तास लागले. लोक बसून राहिले. दारावरून उठायची एक रीत असते, पण मयत दुपारी पुन्हा उठून बसणार असेल तर कधी जायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. मध्ये चहा आला. दारावरच्या चहाबद्दल दोन मतं होती, पण सगळ्यांनी घेतला.

तीन वाजता तेजसने भिकुबाईंना आत बोलावलं. त्या चार नंबरपुढे बसल्या, डोळे मिटले आणि माउस नेला. पान उघडलं. डोळे उघडून त्यांनी पडदा पाहिला. रंग वेगळा होता. हे नवरीने केस वेगळे बांधलेत एवढंच, अशा अर्थाचं काहीतरी त्या पुटपुटल्या.

"आता पासवर्ड ठेवा, अक्का," तेजस म्हणाला. "तुम्हाला आठवेल असा. पण कोणाला सांगायचा नाही. मला नाही, मामीला नाही, नानांना नाही."

"कोनलेच नही?"

"कोणालाच नाही."

"मंग बठ्ठा बाहेर व्हा."

सगळे बाहेर आले. शेवटी दिपमाला. तिच्यामागे दार लागलं आणि आतून कडी बसल्याचा आवाज आला. चार वर्षांत त्या दाराला दिवसाढवळ्या कडी लागल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. नाना दाराकडे बघून हळूच म्हणाले, "माल आत गेला."

दिपमाला उंबऱ्याबाहेर, चपला आणि भाऊसाहेबांची वही यांच्या मधोमध, उभी राहिली. एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून एक घामेजलेला माणूस आला. तोताराम, भाऊसाहेबांचे साडू. धुळ्याला राहतात. भाऊसाहेबांनी पाठवलेला निरोप कोणीतरी पुढे पाठवला होता, आणि तोताराम अमळनेरला गाडी बदलून, उपाशीपोटी दारावर बसायला आले होते. कोण गेलं ते त्यांना नक्की ठाऊक नव्हतं. पण कोण गेलं हे दारावर विचारायचं नसतं, ते आधीच माहीत असावं लागतं. ते सतरंजीवर टेकले, जमिनीकडे पाहिलं, आणि समोरची बाई घरची दिसते असं बघून म्हणाले, "कसं झालं?"

दिपमाला त्यांच्यासमोर बसली. तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पेनड्राइव्ह, वरात, चार मिनिटं. चोपड्याचं दुकान आलं, 'नाही, पुसा' आलं. तोतारामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कोण गेलं हे त्यांना अजूनही कळलं नव्हतं, पण पुसा म्हटल्यावर काहीतरी गेलं एवढं त्यांना कळलं होतं.

मागे कडी निघाली. दार हातभर उघडलं आणि भिकुबाईंचं डोकं बाहेर आलं.

"पोरी. तुनं माहेरनं नाव काय शे?"

तेरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्या येसू म्हातारीसारखे दोन दिवस लागतात की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

"मयुरी," ती म्हणाली.

दार पुन्हा लागलं. आतून एक कळ वाजली. बराच वेळ काही नाही. मग दुसरी.

"सांगा," तोताराम म्हणाले. "मग पुढे काय झालं?"